40 हजारात भुताचा कॉमेडी पिक्चर निघतो का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की तुम्ही पाच मित्र आहात, गाव ब्रह्मपुरीकडचं, जमवून जमवून 40 हजार झालेत, एकाजवळ बरा मोबाईल आहे, आणि दिवाळीनंतर धान कापणी उरकली की अर्ध्या-पाऊण तासाची हॉरर कॉमेडी काढायची आहे. एवढ्यात निघते का, आणि असले स्वस्तातले पिक्चर लोक "इतका टुकार की मजा येते" म्हणून बघतात तर आपणही मुद्दाम टुकारच करावा का, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी सहज लिहावं तसं लिहिलंय, की एकाची आजी चेटकीण व्हायला तयार आहे. त्या वाक्यावर मी शेवटी येणार आहे, कारण तुमच्या अख्ख्या प्रश्नात मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

मी वरोऱ्याकडचा. 12-13 वर्षं झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात रात्रभर चालणाऱ्या नाटकांना साऊंड केला, म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत नाटक मंडळ्यांचं ठाणं असलेलं वडसा धरून आजूबाजूची गावं रात्र रात्र फिरलो. गेली सात-आठ वर्षं आपल्याच पोरांना घेऊन छोटे पिक्चर काढतो, त्यातले बरेचसे भुताचे. थेटरात एकही लागला नाही, लागावा म्हणून काढलाही नव्हता. आधी मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, लग्नाच्या मांडवात, देवळासमोर पडद्यावर दाखवतो आणि मग यूट्यूबवर टाकतो. तर जे सांगतो ते या अनुभवावरून, मुंबई-पुण्याच्या हिशोबाने नाही.

40 हजारात पिक्चर निघतो, 10 हजारातही निघतो, त्याची काळजी सोडा. खरी अडचण वेगळी आहे. जो माणूस तुमचा मामा नाही, मित्र नाही, तो शेवटपर्यंत बसेल का? पहिली पाच मिनिटं कोणीही बघतो, आपल्या गावची शाळा दिसली, किराणा दुकानवाला दिसला की लोक टाळ्या वाजवतात. सहाव्या मिनिटाला तो कौतुकाचा साठा संपतो आणि तिथून पुढे तुमचा पिक्चर स्वतःच्या पायावर चालावा लागतो. स्वस्तातले बहुतेक पिक्चर इथेच बसतात.

आता एक गोष्ट परिस्थितीवर आहे आणि ती आधी ठरवा, की लोक हा पिक्चर कुठे बघणार. मंडईत 300 माणसं एकत्र बसली की एक हसला म्हणून दहा हसतात, एक बाई दचकली की अख्खी रांग दचकते. तोच पिक्चर एकटा माणूस रात्री खाटेवर मोबाईलवर बघतो तेव्हा हसायला सोबत कोणी नसतं, तिथे विनोद फार जपून लागतो पण भीती जास्त लागते, कारण हेडफोन कानात असतो. स्टेजवर नट हशा संपेपर्यंत थांबतो, त्याला लोक दिसतात. पिक्चरला कान नाहीत. म्हणून गर्दीसाठी एडिट करताना मी विनोदाच्या वाक्यानंतर एक-दीड सेकंद नुसता समोरच्याचा चेहरा ठेवतो, नाहीतर पुढचं वाक्य हशात बुडतं. हीच जागा मोबाईलवर रिकामी वाटते, मग यूट्यूबसाठी मी ती कापतो. दोन एडिट करायचा कंटाळा करू नका, एका रात्रीचं काम आहे.

तर असले पिक्चर लोकांना आवडतात कशाला? माझ्या मते आपल्याकडे भुताची गोष्ट कायम बिनपैशाचीच होती म्हणून. रात्री पीक राखायला, जागलीला गेलेल्या माणसाजवळ काय असतं, एक टॉर्च, एक काठी, शेकोटी आणि शेजारच्या वावरातला दुसरा जागल्या. तो सांगतो आणि हा ऐकतो. त्या गोष्टीत भीतीही असते आणि हसूही असतं, वेगळं करता येत नाही, कारण सांगणारा स्वतःच किती भ्याला ते सांगतो. माझे काका सांगायचे की ते एकदा बैलबंडी घेऊन रात्रभर चकव्यात, म्हणजे वाट चुकवणाऱ्या भुताच्या भुलीत फिरले, फटफटलं तेव्हा पाहिलं तर बंडी आपल्याच वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभी आणि बैल उभ्या उभ्या झोपलेले. आम्ही पोरं हसून हसून लोळायचो आणि मग लघवीला जायला कोणी उठायचं नाही. हॉरर कॉमेडी म्हणजे हेच. मोठ्या पिक्चरवाल्यांना ते उभं करायला कोट्यवधी लागतात, आपल्या घरात ते आयतं पडलेलं आहे.

म्हणून पहिला सल्ला हा, की भूत असं निवडा ज्याला तोंडच लागत नाही. हडळ घेतली की मेकअप आला, केसांचा टोप आला, उलटे पाय आले आणि ते सगळं 40 हजारात वाईटच दिसणार. चकव्याला काय लागतं? दोन माणसं, एक पांधण म्हणजे वावरांमधली वाट, एक बाभूळ. तीच बाभूळ पुन्हा आली एवढंच दाखवायचं. तुमच्याकडे जागा एकच आहे ही तुमची गरिबी असते, चकव्याच्या गोष्टीत तीच गोष्ट होऊन जाते, कारण माणूस फिरून फिरून तिथेच येतोय! पहिल्यांदा बाभूळ दिसली तर कोणाला काही वाटत नाही. दुसऱ्यांदा एक जण म्हणतो की हे झाड मघाशी पाह्यलं, दुसरा म्हणतो की बाभळी सगळ्या सारख्याच असतात. मग पहिला आपला दुपट्टा काढून फांदीला बांधतो आणि दोघं निघतात. तिसऱ्यांदा बाभूळ येते, दुपट्टा फांदीला नाही, आणि हळूच दिसतो तो दुसऱ्याच्या गळ्यात, गाठ मारलेला. हा सीन आम्ही केला तेव्हा खर्च शून्य रुपये आला होता आणि मांडवातल्या बाया "अवं माय" म्हणून एकमेकींना चिकटल्या होत्या, लगेच पुढच्या वाक्याला हसल्याही.

आता "मुद्दाम टुकार करू का" याचं उत्तर, आणि यात मी जरा ठाम बोलतो. नका करू. जे टुकार पिक्चर लोक प्रेमाने बघतात ते काढणाऱ्यांनी जीव तोडून काढलेले असतात, त्यांच्याकडून झेपलं नाही एवढंच. लोकांना तो जीव दिसतो. पीटर जॅक्सन यांचा पहिला पिक्चर 'बॅड टेस्ट' 1987 चा, त्याच्यासाठी त्यांनी मित्रांना घेऊन सुट्टीच्या दिवशी चार वर्षं शूटिंग केलं आणि मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजले. त्यात घाण आहे, चावटपणा आहे, सगळं आहे, पण कामात कुठे आळस नाही. पुढे याच माणसाने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' काढले. दुसरं उदाहरण जपानचं, शिनिचिरो उएदा यांचा 2017 चा 'वन कट ऑफ द डेड', बजेट 30 लाख येन, म्हणजे आपले तेव्हाचे 16-17 लाखांच्या आसपास. सुरुवातीची 37 मिनिटं एकच सलग शॉट आहे आणि त्यात नट मधेच अडखळतात, कॅमेरा भलतीकडे पडून राहतो, बघणाऱ्याला वाटतं काय हा भिकार कारभार. आणि मग पुढच्या भागात कळतं की प्रत्येक चुकीमागे काय धावपळ चालू होती, म्हणजे यातल्या बहुतेक चुका काढणाऱ्यांनी आधी ठरवून, मापून ठेवलेल्या होत्या. त्या पिक्चरने जपानात 300 कोटी येनच्या वर गल्ला केला. आपल्याला वाटतं की टुकारपणा विकला गेला, पण विकली गेली ती त्यामागची तयारी. मुद्दाम टुकार करायचं तर नीट करण्यापेक्षा दुप्पट तालीम लागते, आणि ती तुम्ही करणार नाही, कारण टुकार करायचं ठरवलं की माणूस तालमीलाच येत नाही, मी हे तीन टीममध्ये पाहिलंय.

यातून निघणारी गोष्ट एवढीच की पिक्चरमधली माणसं भुताला खरोखर भ्यायला पाहिजेत. आपला 'झपाटलेला' आठवा, 1993 चा, महेश कोठारेंचा. रामदास पाध्येंनी केलेला तो बाहुला दिसायला हातभर, पण तात्या विंचू स्वतःला जराही विनोदी समजत नाही आणि लक्ष्या त्याला मनापासून भितो. आपण हसतो ते त्या भिण्याला. तोच लक्ष्या जर कॅमेऱ्याकडे बघून "काय येडपट बाहुला आहे" असं सुचवत राहिला असता तर आज पोरांना त्या बाहुल्याचं नावही आठवलं नसतं.

झाडीपट्टीत मी हे डोळ्यांनी पाहिलंय. रात्रीचे अडीच वाजलेले, थंडी अशी की लोक चादरी घेऊन बसलेले, स्टेजवर मेलेला सासरा परत येतो असा सीन. नट आला आणि त्याचं धोतर विंगेच्या खिळ्याला अडकलं. लोक हसले. तो हसला नाही, त्याने मागे वळूनही पाहिलं नाही, तसाच सुनेकडे नजर लावून एक पाऊल पुढे टाकलं आणि धोतर टर्रकन फाटलं, आणि तो फाटक्या धोतरानेच चालत गेला. भाऊ, जे लोक आत्ता हसत होते ते गप्प झाले. माझ्या हेडफोनमध्ये फक्त पायांचा आवाज येत होता. त्या माणसाने जर ओशाळून दात काढले असते तर पुढचे दोन अंक गेले असते.

आमच्या एका पिक्चरमध्ये दोन भाऊ तुरीच्या वावरात माळ्यावर, म्हणजे मचाणावर जागलीला बसलेत, खालून काहीतरी सरसरल्याचा आवाज येतो. आमचा मूळ डायलॉग मोठ्या किंचाळण्याचा होता. ज्याला घेतलं होतं तो खरा शेतकरी, रोही (नीलगाय) आणि डुकरं हाकायला वर्षातून तीन महिने माळ्यावरच झोपणारा. तो म्हणाला, "भाऊ, भेव वाटलं का माणूस बोंबलत नाही, हळू बोलते." मग त्यांनी दोघांनी कुजबुजत भांडण केलं. "तू उतर." "मी कावून? वावराचा सातबारा तुह्या नावावर हाये, तू उतर." एवढ्या वाक्यावर जो हशा आला तसा मला आजवर कोणत्या विनोदाला आला नाही. गावात बसलेल्या प्रत्येक घरात सातबाऱ्याचं दुखणं होतं ना. दोघंही खरे भ्यालेले होते म्हणून ते वाक्य लागलं, तेच वाक्य विनोद म्हणून फेकलं असतं तर वाया गेलं असतं.

आता उणिवा. सगळ्यात मोठी उणीव आवाज, आणि मी साऊंडवाला आहे म्हणून म्हणतोय असं समजू नका. आमचा पहिलाच पिक्चर 22 मिनिटांचा होता, त्यात आम्ही ऑनलाईन मुखवटा मागवला साडेचार हजाराचा, आणि आवाज घेतला मोबाईलवरच, माणसं 15 फुटांवर आणि बाजूला कोणाचा तरी मोटरपंप चालू. देवळासमोर दाखवला. मुखवटा रबरी आहे, कानाजवळ फाटलाय हे अगदी समोर बसलेल्या पोरांनाही दिसत होतं, कोणी काही बोललं नाही, उलट घाबरले. पण दुसऱ्या मिनिटाला मागून सुरू झालं, "आवाज द्या हो, आवाज!" पाचव्या मिनिटाला माणसं उठायला लागली. मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नाटकांना आवाज दिला आणि माझ्याच पिक्चरचा आवाज गेला, ते मला आजही लागतं. डोळा चालवून घेतो, कारण पडद्यावर नाही ते माणूस मनाने भरतो. शब्दच ऐकू आला नाही तर विनोद झालाच नाही, आणि भीती तर अर्ध्याहून जास्त कानातूनच आत जाते.

तर माईकवर पैसा घाला. कपड्याला लावायचे दोन छोटे कॉलर माईक घ्या, ते लावले तरी शूटिंगनंतर महत्त्वाचे डायलॉग पुन्हा रेकॉर्ड करायची तयारी ठेवा. त्यासाठी स्टुडिओ लागत नाही. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत भाव चढेल या आशेने लोक कापूस घरातच भरून ठेवतात, खोली अर्ध्या भिंतीपर्यंत पांढरी. त्या खोलीत कापसात खड्डा करून दोन माणसं बसवायची, दार लावायचं. बाहेर ट्रॅक्टर गेला तरी आत कुजबूज स्वच्छ येते, भिंतीचा घुमारा अजिबात नाही. अंगाला खाज सुटते, घाम येतो, घरमालकाला हात जोडावे लागतात, आणि आत बिडी किंवा गरम होणारा लाईट नेला तर जीवावर बेतेल, तर नुसत्या मोबाईलच्या उजेडात काम करा. तुमच्याकडे धानाचा पट्टा, कापूस नसेल, तर तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या दोन ढिगांच्या मधल्या खाचेत बसा, वर दोन गोधड्या टाका, जवळजवळ तेच काम होतं. आणि प्रत्येक जागेवर कोणीही न बोलता एक मिनिट नुसते रातकिडे रेकॉर्ड करा, ते खाली सलग पसरलं नाही तर प्रत्येक कटला रातकिडे बंद-चालू होतात आणि कितीही भारी सीन असला तरी खोटा वाटतो.

उजेडाबद्दल थोडक्यात. मोबाईल अंधारात घाण दाखवतो, म्हणून रात्रीचे सीन रात्री काढायचेच नाहीत, दिवस मावळल्यावर 20-25 मिनिटं जो निळसर उजेड राहतो त्यात काढा, मोबाईलचं एक्स्पोजर, म्हणजे उजेडाची पातळी, लॉक करून थोडं खाली ओढा आणि आभाळ फ्रेममध्ये येऊ देऊ नका. घरात लाईट लावून काढाल तेव्हा शटर, म्हणजे एकेका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा, आपली लाईन 50 हर्ट्झची आहे, 1/60 वर गेलात तर बल्बचा उजेड लपलप करतो आणि ते नंतर कशानेच जात नाही. ट्रॅक्टरचा हेडलाईट झाडाच्या मागून इंजिन बंद करून लावा आणि मधे ओल्या तणसाचा धूर सोडा, माणूस नुसता काळा आकार दिसतो, भुताला यापेक्षा जास्त काही लागत नाही. बॅटरी बसेल म्हणून शॉट आधी तालीम करून ठेवा.

आणि पळत्या भुताच्या नजरेचा शॉट हवा असेल तर 1981 च्या 'ईव्हिल डेड' मध्ये सॅम रायमी आणि त्यांच्या माणसांनी लाकडी फळीच्या मधोमध कॅमेरा बसवून दोन टोकं दोघांनी धरून जंगलातून धूम ठोकली होती. आम्ही तेच बंडीच्या जुवावर केलं, मधे मोबाईल सुतळीने घट्ट बांधला आणि दोन पोरं जू धरून धुऱ्यावरून पळाली. झटके दोन्हीकडे वाटले जातात म्हणून चित्र तरंगल्यासारखं येतं. रक्तासाठी रायमींच्या टीमने कॉर्न सिरप वापरलं, आपण साखरेचा पाक, खायचा लाल रंग आणि किंचित कोको पावडर घ्या, नुसता लाल रंग गुलाबी दिसतो. फक्त नट जमिनीवर झोपणार असेल तर पाक लावायच्या आधी जागा झाडून घ्या, आमच्या मेलेल्या माणसाला मुंगळे लागले आणि तो मरण सोडून उठून पळाला.

दुसरी उणीव लांबी. अर्धा-पाऊण तास म्हणताय, मी म्हणतो 18 मिनिटांच्या वर जाऊ नका. पैसे कमी असले की माणसाला काढलेला एकेक शॉट टाकवत नाही, मित्राने सुट्टी टाकून काम केलं म्हणून त्याचा सीन ठेवला जातो, आणि भीती अशी ढिली पडते की पुन्हा ताणता येत नाही. मित्राला जेवायला घाला, सीन कापा.

तिसरी उणीव विनोदाचा दर्जा. दारुड्या, तोतरा, जाडी बाई, लुगडं नेसलेला पुरुष, हे चार जण प्रत्येक स्वस्तातल्या पिक्चरमध्ये येतात, कारण ते लिहावे लागत नाहीत. लोक सवयीने हसतात आणि विसरतात. तुमच्या गावात हसण्यासारखं किती आहे बघा ना, मयताच्या दहाव्याला जेवणाच्या पंगतीवरून झालेले रुसवे, शेतीची लाईन रात्री बारा वाजता येते म्हणून भूत असो नसो मोटर चालू करायला जावंच लागतं तो माणूस, पीक विम्याच्या फॉर्मवर मेलेल्या माणसाची सही पाहिजे म्हणून त्यालाच बोलावणारा पोरगा. हे दुसरं कोणी काढू शकत नाही.

आतापर्यंतचं एकदा जुळवून घ्या, म्हणजे गोंधळ नको: भूत बिनचेहऱ्याचं, माणसं खरी भ्यालेली, आवाज स्वच्छ, पिक्चर आखूड. यातलं एकही पैशाने विकत मिळत नाही, माईक सोडला तर.

पैशाचं म्हणाल तर 40 हजारातला सगळ्यात मोठा खर्च जेवणाचा येतो हे लिहून ठेवा. दहा माणसं, सहा दिवस, दोन वेळा, मधे चहा-आलुपोहा, साधं आलू-वांगं-भात केलं तरी 12-14 हजार सहज जातात. उपाशी माणूस रात्री चांगलं काम करत नाही आणि चिडतो, तिथे काटकसर नको. आवाजाला सहा-सात हजार, लाईटला तेवढेच, गाडी-पेट्रोल तीन-चार. आणि आठ हजार हात न लावता बाजूला ठेवा, कारण एडिटला बसल्यावर कळतंच की एक शॉट राहिलाय आणि तो नसला तर गोष्ट समजत नाही. मुखवट्याला, व्हीएफएक्सला एक रुपया नको. गाजलेलं गाणं मागे लावू नका, यूट्यूबवर गाण्याच्या मालकाचा क्लेम येतो, गावातल्या डफड्यावाल्याला बसवा, आणि बऱ्याच ठिकाणी शांतताच ठेवा.

एक गोष्ट मोठ्या भावासारखी सांगतो. तुम्ही ब्रह्मपुरी भागातले, तुम्हाला वाघाचं काही नवीन नाही, पण शूटिंगच्या नादात माणूस विसरतो. जंगलाला लागून असलेल्या वावरात, नाल्यात, मोहाच्या झाडाखाली दिवस मावळल्यावर शूटिंग नाही म्हणजे नाही, कितीही भारी लोकेशन असलं तरी. खाली बसलेला, वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. गावाच्या आत सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, शाळेच्या मागे, कोणाच्या तरी बंद पडलेल्या वाड्यात जंगल उभं करता येतं, चार फांद्या कॅमेऱ्यापुढे धरल्या की झालं. तणस, कापलेल्या धानाची पुंजणं हाताळताना आधी काठीने खडखडवा, साप तिथेच असतो. पायात बूट, भुताच्याही.

आता आजीवर येतो. मला माहिती आहे तुमच्या मनात काही वाईट नाही, आजी स्वतः हसत तयार झाली असेल. पण तुम्ही ज्या भागात पिक्चर दाखवणार तिथे चेटकीण ही गोष्ट अजून संपलेली नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यात, जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना भर चौकात बांधून मारलं, त्यात म्हातारी माणसं होती. त्याच्या आठ वर्षं आधी, 2013 मध्ये, राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला होता, एखादी बाई करणी करते असं म्हणून तिला त्रास देणं हा त्यात गुन्हा आहे, तरीही हे झालं. कायदा तुमच्या पिक्चरला अडवतो की नाही हा माझा मुद्दाच नाही. मुद्दा असा आहे की पडद्यावर केस सोडलेली, एकटी राहणारी, पोराला नजर लावणारी म्हातारी दाखवली आणि 300 माणसं हसली-घाबरली, की घरी जाताना त्यातल्या दोघांच्या डोळ्यासमोर आपल्या गावची एखादी खरी म्हातारी येते. तिच्याकडे पोरगं नाही, शेत आहे, आणि कोणाच्या तरी मनात आधीच काहीतरी आहे. आम्ही हे केलंय. आमच्या दुसऱ्या पिक्चरमध्ये अशीच म्हातारी होती, खूप हसले लोक. महिनाभराने त्या गावातल्या एका विधवा बाईला पोरं पिक्चरमधल्या नावाने चिडवायला लागली, दगड मारण्यापर्यंत गेलं. आम्ही जाऊन पाया पडलो, यूट्यूबवरून पिक्चर काढून टाकला, पण गावात तो दहा-वीस मोबाईलमध्ये पोचलाच होता. तेव्हापासून माझ्या पिक्चरमध्ये चेटकीण नाही, आणि मांत्रिक आलाच तर तो शेवटी फसवा निघतो.

म्हणून आजीला काढू नका, उलट तिला पिक्चरचा कणा करा. सगळी तरणी पोरं भ्यालेली आहेत आणि आजी एकटीच भीत नाही, असं लिहून बघा. चकव्यात सापडलेले दोघं पहाटे धापा टाकत अंगणात येतात, मागे ते काहीतरी आलंय हे आपल्याला धुरात दिसतं, आणि आजी चुलीपुढे बसल्या बसल्या त्या आकाराकडे बघून म्हणते, "कोणाचा गा तू? रातभर पोरं फिरवली माह्यी, आता ये, चहा घे, अन् मंग सांग काय पाह्यजे." ती हे मस्करीत म्हणत नाही, खरंच विचारते, आणि ते भूत कोण होतं, त्याचं गावात काय राहून गेलं होतं, हे तिला एकटीलाच आठवतं. मी हा सीन आत्ता लिहिता लिहिता सुचवतोय, आवडला तर घ्या, तुमचाच समजा.

आजीचे सगळे शॉट पहिल्याच दिवशी घ्या, आणि संध्याकाळचा तो 20 मिनिटांचा उजेड तिच्यासाठी राखून ठेवा, रात्री तिला थंडीत बसवू नका. चुलीचा जाळ चेहऱ्यावर येईल एवढ्या जवळ बसवा, वेगळा लाईट लागणार नाही. माईक पदराला लावू नका, म्हातारी माणसं बोलताना पदर सारखा सारखा नीट करतात आणि प्रत्येक वेळी खरखर येते, पोलक्याच्या आत गळ्याजवळ चिकटपट्टीने लावा, तिच्या सुनेला किंवा नातीला लावायला सांगा. आणि तिला डायलॉग पाठ करायला देऊ नका, फक्त एवढं सांगा की गावातलं एक जुनं माणूस दाराशी आलंय.